प्रोजेक्टाइलची गणितं: रेंजचा फॉर्म्युला बाजूला ठेवा, दोन रकाने आखा

अकरावीत प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची हवेतली गती, आलं की बहुतेक मुलं आधी रेंजचा फॉर्म्युला पाठ करतात, यू स्क्वेअर साइन टू थीटा भागिले जी (रेंज म्हणजे वस्तू आडवी किती लांब पडते, यू सुरुवातीचा वेग, थीटा फेकण्याचा कोन, जी गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग), आणि मग कुठलंही गणित दिसलं की त्यात आकडे टाकून मोकळी होतात. तो फॉर्म्युला चुकीचा नाहीये, पण बॉल जिथून उडाला त्याच लेव्हलला परत पडला तरच तो चालतो. गच्ची, टेकडी, पूल असलं काही आलं की गंडलंच.

त्यापेक्षा वहीत मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आडवी गती, उजवीकडे उभी. हे दोन्ही एकमेकांना विचारत नाहीत, दोघांत कॉमन फक्त एकच गोष्ट, वेळ. म्हणजे गणित सोडवायचं म्हणजे एका बाजूने वेळ काढायचा आणि दुसरीकडे नेऊन टाकायचा, बास.

एक करूनच बघू. १५ मीटर उंच गच्चीवरून बॉल २० मीटर पर सेकंदने, आडव्या रेषेच्या ३० अंश वर फेकला, बिल्डिंगपासून किती लांब पडेल? जी १० धरू, हवेचा विरोध नाही.

आधी वेगाचे दोन तुकडे. आडवा २० कॉस ३०, म्हणजे १७.३, उभा २० साइन ३०, म्हणजे १०. (कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना बघा, रेडियनवर राहिला तर सगळंच वाया.) आता वरची दिशा अधिक ठरवली की शेवटपर्यंत तीच, मग जी उणे १०, आणि बॉल जमिनीवर पोचला तेव्हा त्याचं उभं विस्थापन उणे १५, कारण तो सुटला तिथून १५ मीटर खाली आहे. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, मुलं अधिक १५ लिहितात आणि मग वर्गमूळात उणे आकडा आला की घाबरतात.

उभ्या रकान्यात एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी स्क्वेअर (एस विस्थापन, यू सुरुवातीचा उभा वेग, ए प्रवेग, टी वेळ):
−१५ = १०टी − ५टी²
टी² − २टी − ३ = ०

उत्तरं ३ आणि −१. आपला वेळ ३ सेकंद. आडव्या बाजूला प्रवेगच नाही, तर १७.३ गुणिले ३, साधारण ५२ मीटर. रेंजच्या फॉर्म्युल्यात टाकलं असतंत तर ३४.६ आलं असतं, आणि एमसीक्यूमध्ये असलं उत्तर ऑप्शनला हमखास ठेवलेलं असतं.

चेक करायचं तर शेवटचा वेग काढा: उभा १० − ३० = −२०, आडवा तोच १७.३, वर्गांची बेरीज ७००. एनर्जीने बघा, शेवटच्या वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक २ गुणिले जी गुणिले उंची, २० चा वर्ग अधिक २ गुणिले १० गुणिले १५, तेही ७००. जुळलं.

अजून एक, सगळ्यात वर बॉलचा वेग शून्य होतो असं लिहू नका, फक्त उभा शून्य होतो, आडवा १७.३ तसाच असतो आणि प्रवेग तिथेही १० खालीच.

आणि ते −१ खोडायच्या आधी एकदा नीट बघा. हाच बॉल त्याच वेगाने ३० अंश खाली फेकला तर उभा वेग −१०, समीकरण टी² + २टी − ३ = ०, उत्तर १ सेकंद. तोच १, फक्त चिन्ह बदलून आला, आणि जमिनीवर आदळतानाचा वेगही तोच, √७००, साधारण २६.५ मीटर पर सेकंद.