पोटाचा सीटी स्कॅन आहे? क्रिएटिनिन विसरू नका
पोट-ओटीपोटाचा सीटी कॉन्ट्रास्टवाला (म्हणजे आतलं स्पष्ट दिसावं म्हणून औषध देऊन केलेला) असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आधीच काढून ठेवा, नाहीतर आमच्या आईसारखं होतं, बिचारी कल्याणहून उपाशीपोटी लोकलने परळला पोचली आणि काउंटरवरूनच परत पाठवली. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, किडनीचा त्रास किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. बऱ्याचदा औषध मिसळलेलं पाणी तासभर घोट घोट प्यायला लावतात, म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा. शिरेतून इंजेक्शन गेलं की अंगभर गरम वाटतं, शू झाली की काय असंही वाटतं, झालेली नसते! खरा स्कॅन काही मिनिटांतच आटपतो. आणि नाडीवाली सलवार-पायजमा घाला, चेनवाली पँट काढायलाच लावतात.