अंधाऱ्या कॅफेत बँडचे फोटो कसे काढावेत

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असला की फोटोग्राफरचं निम्मं काम लाइटवाला करून ठेवतो. कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेत बँड वाजवणार असेल, तर तो आधार नाही. कोपऱ्यात दोन एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे), भिंतीवर पिवळ्या दिव्यांची माळ आणि ड्रमर जवळजवळ काळोखात. तिथे जाण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: फोटोत दाणे (अंधारात येणारी खरखर) आले तर चालतील, चेहरा हललेला चालणार नाही. पुढचं सगळं याच हिशेबाने.

लेन्स

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ च्या खाली उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, मोठं). ५० एमएम एफ १.८ तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते आणि बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते. नवी कॅमेरा बॉडी घ्यायचं मनात असेल तर ते पैसे आधी इथे घाला. जागा फारच चिंचोळी असेल तर ३५ एमएम बरी.

एवढ्या उघड्या अपर्चरला दहा फुटांवरून जेमतेम वीतभर भागच शार्प येतो. म्हणून फोकसचा एकच पॉइंट ठेवा आणि तो आपल्या बाजूच्या डोळ्यावर धरा. फोकससाठी पेटणारा छोटा दिवा मेनूत जाऊन बंद करा, स्क्रीनचा उजेड कमी करा. फ्लॅश तर नकोच. त्याने गायकाचे डोळे दिपतात आणि मागच्या भिंतीवरचा सगळा रंग धुऊन निघतो.

साउंड चेकला पोहोचा

कार्यक्रमाआधी बँड माइक आणि वाद्यं तपासतो, तेव्हाच जा. मालकाची आणि बँडची परवानगी तेव्हाच घेऊन टाका. लाइट कुठून पडतो, कोण कुठे उभं राहतं, हेही तेव्हाच कळतं. डिसेंबर-जानेवारीत एक काळजी जास्तीची: नाशिकच्या थंडीत बाइकवरून आलेला कॅमेरा भरलेल्या, उबदार खोलीत काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं आत राहू द्या.

कॅमेरा मॅन्युअलवर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल). सुरुवात एफ १.८, शटर १/१६० सेकंद, आयएसओ ३२०० अशी करा. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो, दाणेही वाढतात. फोटो काढा आणि स्क्रीनवर फक्त चेहरा मोठा करून बघा. चेहरा काळवंडला असेल तर आयएसओ ६४०० करा, शटरचा वेग खाली आणू नका. ऑटोवर ठेवलंत तर मागचा अंधार बघून कॅमेरा फोटो उजळवत जातो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक होतो.

खरा त्रास अंधाराचा नाही, लाल लाइटचा आहे. निव्वळ लाल उजेडात गाल, नाक, कपाळ यांचा एकच सपाट गोळा होतो. हिस्टोग्राममध्ये (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखात) लाल रेघ उजव्या कडेला चिकटली की उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, आणा. त्या फार पलीकडे गेलेला तपशील रॉ फाइलमध्येही परत मिळत नाही. शक्य असेल तर लाइट सांभाळणाऱ्याला सांगा, एक पार तरी पिवळा ठेव. चहा पाजून सांगितलंत तर ऐकतात.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करून मेकॅनिकल लावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० ला पट्टे बहुधा जातात. संथ गाण्याला तेवढा वेग पुरतो.

क्षण ओळखा

समोर मधोमध उभं राहिलात तर माइक गायकाच्या तोंडावर येणार. थोडं बाजूला सरका, आणि माइक ज्या हातात आहे त्याच्या उलट बाजूला, म्हणजे कोपर चेहऱ्याच्या आड येत नाही. आता ओळ संपण्याची वाट बघा. शेवटचा शब्द टाकून गायक माइकपासून वीतभर मागे होतो, श्वास घेतो. तेवढ्यात चेहरा मोकळाही असतो आणि स्थिरही. तान वर नेऊन सूर धरला जातो तेव्हाही शरीर क्षणभर थांबतं. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं की हे थांबे तुमच्या ध्यानात येतात. तिथे तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट (सलग फोटो) मारा. सबंध गाणंभर बटण दाबून धरणाऱ्याला घरी दोन हजार फोटो चाळावे लागतात, तेही बहुतेक सारखेच.

ड्रमरसाठी झांजांच्या फटीतून चेहरा दिसेल अशी जागा शोधा. काठी सर्वात वर गेली की निमिषभर थबकते, बटण तेव्हा दाबा. काठीचं टोक थोडं हललं तर हलू दे, छानच दिसतं.

फोन असेल तर नाइट मोड वापरू नका. तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलणारा माणूस पुसट होतो. प्रो मोडमध्ये १/१०० ठेवा, झूम न करता पुढे जा.

हात बसवायला दर आठवड्याला गिग कुठून मिळणार? संध्याकाळी रामकुंडावर गोदावरीच्या आरतीला जा. हलत्या ज्योती, मागे काळोख, चेहऱ्यावर एकाच बाजूने उजेड, आणि तिकीट नाही.

घरी आल्यावर

दाणे थोडेच कमी करा. जास्त घासलं की कातडी मेणाची वाटते. लाल लाइटमधले हट्टी फोटो कृष्णधवल करून बघा, निम्मे तरी वाचतात. बँडला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आक्रसते. आणि ड्रमरचा एक तरी फोटो त्यात असू द्या, त्याला कुणी पाठवत नाही.