विदर्भातल्या खेड्यात पहिला आश्विन: स्वयंपाकघर इथलं करून घ्या

बदलीने, लग्नाने किंवा जमीन घेऊन कोकणातून आणि घाटावरून वर्धा-यवतमाळकडच्या गावांत येणारी घरं बहुतेक जूनमध्येच येतात, कारण शाळा तेव्हा उघडतात. पावसाळा सामान लावण्यात जातो. नवरात्र येईपर्यंत घरून आणलेलं कोकम, तांदळाचं पीठ, वर्षाचा मसाला सगळं तळाला लागलेलं असतं. मी मूळची रत्नागिरीकडची, आता वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात कायमची. नव्या घरांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की ते डबे लगेच गावाहून भरून मागवू नका. सोयाबीन निघू लागलं की इथला बाजार बदलतो, नवा तीळ येतो, मूग-उडीद नुकते घरात आलेले असतात. इथलं रांधणं शिकायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.

सुरुवात पाण्यापासून. बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड आहे. कुकरला पाच शिट्ट्या देऊनही तुरीची डाळ अख्खी राहिली, तर दोष डाळीला देऊ नका. जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ लवकर मऊ पडत नाही. डाळ तासभर भिजवा, शिजवण्यापुरतं आरओच्या कॅनमधलं पाणी घ्या, आणि चिंच डाळ पूर्ण गळल्यावरच घाला.

मग ज्वारी. सोयाबीनचा पेरा वाढत गेला तशी इथली ज्वारी कमी झाली, त्यामुळे ती स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका. दाणा हातात घेऊन बघा. कणीस भरताना पाऊस लागला असेल तर दाणा काळपट पडतो आणि भाकर कडवट लागते. दळण आठवड्यापुरतंच आणा. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकर थापताना चिरते. अशा वेळी आपल्या तांदळाच्या भाकरीसारखी उकळत्या पाण्यात थोडी उकड काढून मळली की काम निभतं. कोकणातल्या हाताला हे जड नाही.

पहिला पदार्थ पाटवडी-रस्सा शिका. घरात भाजी नसली तरी होतो, पाहुण्यांपुढे ठेवता येतो, आणि इथल्या हाताची सगळी रीत त्यात आहे. एक वाटी बेसनाला सव्वा ते दीड वाटी पाणी. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद. त्यावर पाणी आणि मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने बेसन सोडायचं आणि दुसऱ्या हाताने उलथन्याच्या दांड्याने जोरात घोटायचं, गुठळी राहू द्यायची नाही. झाकण ठेवून दोन वाफा. मला शिकवणाऱ्या शेजारच्या काकू तोपर्यंत ताटाला तेल लावून बसलेल्या असत. "गरम हाये तवाच पसरव, थंड झालं का मंग नाही बसत ते," असं म्हणत पाण्याचा हात लावून त्या गोळा थापायच्या, वरून सुकं खोबरं आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, दाबून बसवायच्या. बोटाला चिकटेनासं झालं की सुरीने वड्या पाडायच्या.

रस्सा वेगळा. कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर काळी होईपर्यंत भाजा, थोडे तीळ, खसखस, आलं-लसूण घालून वाटा, आणि तेल सुटेपर्यंत परता. घाई नको, रस्स्याची चव या परतण्यातच ठरते. रस्सा पातळच हवा, वड्या तो पितात. वड्या मात्र वाढतानाच घाला, आधी टाकल्या तर विरघळतात. तिखटाचं प्रमाण पहिल्या वेळी शेजारणीने सांगितल्याच्या निम्मं ठेवा.

आंबटाला इथे अंबाडी आहे. पाल्याची भाजी आताही मिळते. पाला उकडून आंबट पाणी काढून टाकायचं, तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून शिजवायचं, आणि ताटात वाढल्यावर लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी वरून ओतायची. सोबत भाकर आणि कच्चा कांदा. कार्तिकाच्या सुमारास तिची लाल फुलं बाजारात येतात, ती भरपूर घ्या. मधलं बोंड काढून पाकळ्या सावलीत खडखडीत वाळवा. गूळ, मिरची, जिरं घालून ओल्या फुलांची चटणी होतेच. वाळवलेली फुलं मी माशाच्या कालवणात कोकमाच्या जागी घालते. मासा इथे नदी-तलावातला, रोहू किंवा कतला. त्याला समुद्राच्या माशाचं वाटण चालत नाही, नारळात त्याची चव बुडून जाते. लसूण जास्त, धणे, थोडं भाजलेलं खोबरं आणि अंबाडी एवढंच ठेवा. हा पदार्थ ना कोकणातला ना विदर्भातला, पण माझ्या घरी आता तोच मागतात.

भुलाबाईचे दिवस चुकवू नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात. काही गावांत आता फक्त कोजागिरीलाच बसवतात. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत वास घेऊन, डबा वाजवून ओळखायची असते. मुलींना घरी बोलवा आणि आपल्याकडचा गोड पदार्थ करा. खांडवी उत्तम. भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ इथे सहज मिळतो, तो धुऊन वाळवून जाडसर रवा काढा. नवरात्रात नारळही घरोघर असतात. खांडवी कुणाला ओळखता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या आया विचारायला येतात. त्या वेळी तुम्हीही त्यांना कोहळ्याचे, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचे, गोड बोंडं कसे करायचे ते विचारून घ्या. गावात ओळखी होण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

कोजागिरीच्या दुधात सीताफळ घालणार असाल तर दूध आटवून पूर्ण गार करा, मगच गर मिसळा. गराला आच लागली की कडू होतो.

शेजारून पायलीभर सोयाबीन भेट येईल. ते प्रेमाने घ्या, पण कच्चं दळू नका. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं नीट पचत नाहीत, उष्णता लागली की तो गुण जातो. उकडून, वाळवून, मग गव्हात दहाला एक या मापाने मिसळा. संत्री मात्र थोडी थांबून घ्या. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, फळं आता येऊ लागतात, पण वरुड-मोर्शी किंवा काटोलकडचा गोड माल नोव्हेंबर-डिसेंबरातच खायचा.

शिकायला कधी जायचं, हेही सांगते. दसऱ्याच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. बायका सकाळीच डबा बांधून शेतात जातात आणि दिवस मावळताना परततात, तेव्हा भर दुपारी दार वाजवू नका. बाजाराचा दिवस बरा, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मजुरी बंद असते. वेचणीच्या पहिल्या दिवशी दही-भाताचा नैवेद्य करून पूजा करतात. बोलावलं तर जरूर जा आणि घरचं दही न्या.

आंबवायच्या पदार्थांना हा काळ फसवा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात आंबोळीचं पीठ पाच-सहा तासांत उतू जातं, आणि दिवाळीनंतर रात्री गारवा आला की सकाळपर्यंत हलत नाही. तेव्हा भांडं कणगीत किंवा गोधडीत गुंडाळून ठेवा.

मिरची-हळदीची वर्षाची खरेदी आता करू नका. आता दुकानात असते ती गेल्या हंगामाची. भिवापूरची नवी मिरची थंडीत येते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद उकडून, वाळवून बाजारात यायला उन्हाळ्याची चाहूल लागते. तोवर अर्धा-पाव किलोवर भागवा, आणि साठवणीचे मोठे डबे रिकामे राहू द्या.