मोटरसायकलच्या पेट्रोलचा हिशेब: टाकी, ट्रिप मीटर आणि रिझर्व्हचा दिवा

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकलींना टाकीखाली कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, असे आणि गाडी रिझर्व्हला लागली की चालवणाऱ्याला ते अंगाला जाणवत असे. इंजिन आचके देऊ लागे, डावा हात आपोआप खाली जाई, कॉक फिरे आणि गाडी पुन्हा ओढू लागे. टाकीच्या आत पेट्रोल घेणारी एक उभी नळी आणि तिच्या तळाशी दुसरे छिद्र, एवढीच ती रचना होती. पेट्रोलची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की नेहमीचा पुरवठा थांबे आणि तळाचे छिद्र उघडले की उरलेले दीड-दोन लिटर मिळू लागे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली आणि जवळजवळ सर्व नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणाऱ्या, झाल्या. त्यांना कॉक नाही. ‘रिझर्व्ह’ हा शब्द बोलण्यात राहिला आहे, परंतु आता त्याचा अर्थ डॅशवरचा एक पिवळा दिवा एवढाच उरला आहे. तो लागल्यावर इंजिनाच्या चालीत तसूभरही फरक पडत नाही, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करणे फार सोपे झाले आहे. म्हणून पेट्रोलचा हिशेब दिवा लागल्यावर नव्हे, तर टाकी फुल केल्याच्या क्षणापासून सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज, म्हणजे एका लिटरमागे पडणारे किलोमीटर, स्वतः मोजणे. जाहिरातीतला आकडा किंवा मित्राच्या गाडीचा आकडा येथे उपयोगाचा नाही. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून टाकीच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरावे आणि ट्रिप मीटर (हवा तेव्हा शून्यापासून किलोमीटर मोजणारा मीटर) शून्यावर आणावा. त्यानंतर नेहमीसारखी गाडी चालवून, शक्यतो त्याच पंपावर, त्याच पातळीपर्यंत पुन्हा टाकी फुल करावी. मधे २४३ किलोमीटर झाले असतील आणि दुसऱ्या वेळी ७.६ लिटर बसले असेल, तर ॲव्हरेज ३२ निघते. आपल्याकडे ‘दोनशेचे टाका’ असे रुपयांत पेट्रोल घेण्याची सवय आहे, आणि तिच्यामुळे किती लिटर भरले हे कित्येकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. पावती मागून घ्यावी. तिच्यावर लिटर छापलेले असतात. झाकणाला टेकेपर्यंत मात्र कधीही भरू नये, कारण उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि नव्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घेणारा जो कॅनिस्टर असतो, त्यात द्रवरूप पेट्रोल शिरले तर तो निकामी होऊ शकतो.

असे मोजमाप चार-पाच वेळा झाले की ॲव्हरेज हा एक आकडा नसून आकड्यांचा पट्टा आहे, हे लक्षात येते. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५५-६० किलोमीटरच्या वेगाने जो आकडा मिळतो, तो महामार्गावर ९५च्या वेगाने मिळत नाही, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. मागे बसलेली व्यक्ती, दोन्ही बाजूंना लावलेल्या सामानाच्या पेट्या, समोरचा वारा, टायरमधील कमी हवा आणि कोरडी पडलेली चेन यांतील प्रत्येक गोष्ट थोडे थोडे पेट्रोल खाते. त्यात आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. काही वर्षांपूर्वी वहीत लिहिलेल्या आकड्यावर आज प्रवास आखणे त्यामुळे चुकीचे ठरेल. आखणीसाठी नेहमी वहीतला सर्वांत कमी आकडा घ्यावा. सरासरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, दिवा लागतो तेव्हा टाकीत नेमके किती पेट्रोल असते हे शोधून काढणे. समजा टाकी १३ लिटरची आहे. दिवा लागताच जवळच्या पंपावर ती फुल केली आणि १०.२ लिटर बसले, तर सुमारे २.८ लिटर शिल्लक होते. हा प्रयोग निदान तीन वेळा करावा आणि तिन्हींतली सर्वांत लहान शिल्लक खरी मानावी. टाकीच्या अगदी तळाचे थोडे पेट्रोल गाडीतल्या इंधनपंपाला उचलता येत नाही, म्हणून त्यातूनही अर्धा लिटर वजा करणे शहाणपणाचे आहे. याहून चांगली संधी रेल्वेने गाडी पाठवणाऱ्यांना मिळते. पार्सलमध्ये गाडी देताना टाकी रिकामी करावी लागते, त्यामुळे उतरवून घेतल्यावर कॅनमधून एकेक लिटर पेट्रोल घालावे, झाकण लावून किल्ली फिरवावी आणि कितव्या लिटरला दिवा विझतो, कितव्याला इंधनाच्या मीटरवर पहिली पट्टी उमटते, हे लिहून ठेवावे. मीटरला नवी पातळी दाखवायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे येथे घाई करू नये.

इंधनाच्या काट्यावर किंवा पट्ट्यांवर संपूर्ण विसंबू नये, याचे कारण टाकीच्या आकारात आहे. मोटरसायकलची टाकी चौकटीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, म्हणजे तिच्या तळाला दोन कप्पे असतात. पेट्रोल मोजणारा फ्लोट त्यांपैकी एकाच बाजूला असतो. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलली की पातळी बदलते, चढावर पेट्रोल मागे सरकते आणि उतारावर पुढे धावते. घाट उतरताना लागलेला दिवा सपाट रस्त्यावर विझतो तो यामुळेच. टाकीत तेवढ्यात पेट्रोल वाढलेले नसते. खरा आकडा पाहायचा असेल, तर सपाट जागी गाडी सरळ उभी करून अर्धा मिनिट थांबावे. सुरुवातीच्या पट्ट्या सावकाश जातात आणि शेवटच्या भराभर जातात, असा अनुभव अनेक गाड्यांवर येतो. टाकी वर रुंद आणि खाली निमुळती असते, हे आठवले की त्याचे नवल वाटत नाही. ट्रिप मीटर किलोमीटर मोजतो आणि त्याला या चढउतारांचे काही देणेघेणे नसते, म्हणून मी त्याच्यावर अधिक भरवसा ठेवतो.

आता आखणी कशी करावी ते पाहू. महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात अनेक जण मोटरसायकलने मनालीमार्गे लेहला जातात, आणि त्यांच्यासाठी चंद्रा व भागा या नद्यांच्या संगमावरचे तांदी हे गाव फार महत्त्वाचे आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा तेथील पंपावरचा फलक वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. १३ लिटरच्या टाकीत दीड लिटर राखीव धरले, तर वापरायला साडेअकरा लिटर राहते. बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि टांगलांग ला या खिंडी सामानासह पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ॲव्हरेज २८ धरले, तर ही गाडी ३२२ किलोमीटर जाईल. तूट ४३ किलोमीटरची, म्हणजे दीड लिटरहून थोडी अधिक आहे. वाट चुकणे किंवा रस्ता बंद असल्याने परत फिरणे जमेस धरून पाच लिटरचा कॅन बरोबर घ्यावा. १७ लिटरच्या टाकीला याच हिशेबाने ४३४ किलोमीटरचा पल्ला मिळतो, म्हणून तिला कॅन लागणार नाही. कॅन धातूचा आणि घट्ट झाकणाचा असावा, त्यात वर थोडी जागा मोकळी ठेवावी आणि तो सायलेन्सरपासून दूर बांधावा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणे धोक्याचे आहे.

आपल्या घाटांत अंतरे एवढी मोठी नाहीत, परंतु ताम्हिणी, वरंध किंवा आंबोलीसारखा घाट लागणार असेल, तर अर्धी टाकी असतानाही पायथ्याशी किंवा माथ्यावरच्या शेवटच्या मोठ्या गावात पेट्रोल भरून घ्यावे. कोकणात आडवाटेच्या गावी पंप लवकर बंद होतो, कधी टँकर आलेला नसतो, कधी वीज गेलेली असते. नकाशात दिसणारा पंप उघडा असेलच असे मानून शेवटचे लिटर खर्च करू नये.

इतके करूनही दिवा लागलाच, तर प्रथम ट्रिप मीटरवरचा आकडा लक्षात ठेवावा. काही गाड्यांत त्या क्षणापासून ‘एफ’ नावाची वेगळी ट्रिप आपोआप मोजायला लागते. ती नसेल तर दुसरी ट्रिप शून्यावर आणावी. वेग ५०च्या आसपास, वरचा गिअर, सावकाश थ्रॉटल आणि कमीत कमी ब्रेक असे चालवल्यास उरलेल्या पेट्रोलात सर्वाधिक अंतर कापता येते. फार वरचा गिअर घालून इंजिन कुथत नेल्याने मात्र काही वाचत नाही. उतारावर इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला की पेट्रोलची फवारणी जवळजवळ थांबते, त्यामुळे न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करून उतरण्याची गरज नाही, आणि घाटात तसे करणे जिवावर बेतू शकते. दिव्यावर रोज फिरण्याची सवयही सोडावी. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलात बुडालेला राहूनच थंड राहतो, म्हणून तळाशी आलेल्या पेट्रोलावर त्याला सतत चालवल्याने त्याचे आयुष्य कमी होते आणि तो बदलणे खर्चिक असते.

इंजिन आचके देऊन बंद पडू लागले, तर उरलेल्या गतीतच डावीकडचा इंडिकेटर देऊन रस्त्याच्या कडेला यावे. वळणावर थांबू नये. इंजेक्शनच्या गाडीवर स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबू नये, कारण पंप कोरडा फिरतो आणि बॅटरीही उतरते. कॉक असलेल्या गाडीवर एक जुना उपाय अजून चालतो: झाकण घट्ट लावून गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलती करावी, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात अडकलेले पेट्रोल मधल्या उंचवट्यावरून इकडे येते आणि दोन-तीन किलोमीटरची सोय होते.

वरंध घाटातून महाडकडे उतरताना एका हिवाळी संध्याकाळी मला हा उपाय करावा लागला होता. मागच्या वेळी पेट्रोल भरल्यानंतर कॉक रिझर्व्हवरून पुन्हा ‘ऑन’वर आणायचा राहिला होता, त्यामुळे गाडीने कोणतीही सूचना न देता टाकी तळापर्यंत संपवली. तेव्हापासून पैसे देण्याआधी कॉकला हात लावून पाहण्याची शिस्त मी पाळतो, आणि कॉकची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ती पाळावी असे मला मनापासून वाटते.

रिकाम्या टाकीत पेट्रोल घातल्यावर कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर कॉक उघडून अर्धा-एक मिनिट थांबावे, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी भरते, आणि मग किक मारावी. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवून पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी, किल्ली बंद करावी आणि हे तीन-चार वेळा केल्यावरच स्टार्टर दाबावा. एक लिटर मिळाले म्हणून पुढच्या प्रवासाला न लागता आधी पंप गाठावा, टाकी फुल करावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा.