ग्नूसमध्ये स्वतःचा बॅकएंड नोंदवताना या चुका टाळा

ईमॅक्स या एडिटरमधल्या ग्नूस या मेल आणि न्यूज वाचण्याच्या प्रोग्रॅमला नवा बॅकएंड, म्हणजे संदेश कुठून आणि कसे आणायचे ते सांगणारा कोड, कळवायला 'ग्नूस-डिक्लेअर-बॅकएंड'ची एक ओळ पुरते. एवढीशीच म्हणून लोक ती मॅन्युअलमधून उचलतात, नाव बदलतात आणि पुढे पळतात. तिथला नमुना 'मेल' प्रकारचा आहे, हे वाचायलाही कुणी थांबत नाही.

ओळखीतल्या एकाने ऑफिसच्या तक्रार-नोंदी वाचायला बॅकएंड लिहिला. नोंदी छान दिसायच्या, पण 'एफ' (फॉलोअप, म्हणजे उत्तर देण्याची कळ) दाबून दिलेलं उत्तर नोंदीखाली न जाता मेलने तक्रारदाराकडे जायचं. जाणारच! 'मेल' सांगितलं की ग्नूस मेलच पाठवतो. उत्तर गटात, म्हणजे जिथे नोंदी दिसतात तिथेच, टाकायचं तर 'पोस्ट' हवं, दोन्ही चालत असेल तर 'पोस्ट-मेल'. त्याने शब्द बदलला, ओळ पुन्हा इव्हॅल्युएट केली (चालवली), तरी फरक शून्य. मग तो 'रिक्वेस्ट-पोस्ट' हे उत्तर गटात टाकणारं फंक्शन उसवत बसला, आणि त्या फंक्शनपर्यंत गाडी पोचतच नव्हती.

नोंदणीची ओळ पुन्हा चालवली तरी जुनी नोंद पुसली जात नाही. नवी नोंद 'ग्नूस-व्हॅलिड-सिलेक्ट-मेथड्स' यादीच्या शेवटी जाऊन बसते, आणि शोधताना पहिली, म्हणजे जुनीच, सापडते. 'कंट्रोल-एच व्ही'ने (व्हेरिएबलची किंमत दाखवणारी ईमॅक्सची आज्ञा) यादी उघडली असती तर एकाच नावाच्या दोन नोंदी लगेच दिसल्या असत्या. या ओळीला हात लागला की मी ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडतो. एवढा धीर ज्याला नाही, त्याने बॅकएंड लिहायला घेऊ नये.

बॅकएंडचं नाव अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून द्या.

फाइलचं नाव, 'प्रोव्हाइड'मधलं (फाइल स्वतःला ज्या नावाने जाहीर करते ते) नाव आणि फंक्शनांची सुरुवात तंतोतंत एकच ठेवा, आणि फाइल 'लोड-पाथ'मध्ये, म्हणजे ईमॅक्स जिथे फाइली शोधतो त्या फोल्डरांत, असू द्या.

संदेशांचे हेडर (विषय, पाठवणारा, तारीख वगैरे) 'एनएनटीपी-सर्व्हर-बफर'मध्येच टाका, ग्नूस ते तिथूनच वाचतो. नॉव्ह पद्धतीने, म्हणजे एका संदेशाची एक ओळ आणि रकान्यांमध्ये टॅब असे, देत असाल तर विषयातले टॅब आधी काढा, नाहीतर पुढचे सगळे रकाने सरकतात.

आणि कृपा करून अपयश 'मेसेज'ने कळवू नका. 'मेसेज' स्ट्रिंग परत करतो. ती निल (लिस्पमधलं 'नाही') नसते, त्यामुळे सर्व्हर उघडला नाही तरी ग्नूस काम झालं असंच धरतो आणि चूक भलत्याच ठिकाणी उगवते. 'एनएनहेडर-रिपोर्ट' वापरा, तो कारण जपून ठेवतो आणि निल परत करतो.