वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर कशी आणावी: आधी टाकी उतरवा

बंद पडलेली जुनी गाडी सुरू करायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘कार्बोरेटर साफ करा.’ गेल्या वीसेक वर्षांत मी सहा प्रीमियर पद्मिनी उभ्या जागेवरून उठवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, हा सल्ला ऐकू नका. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, शेवटी. सुरुवात गाडीच्या मागच्या टोकापासून करायची.

पहिली गाडी बाबांची. 1986 ची, फिकट निळी, स्टिअरिंगला गिअर असलेली. 1089 सीसीचं ते छोटं इंजिन आम्हा पाच जणांना आणि डिकीतल्या आंब्यांच्या पेट्यांना घेऊन दर मे महिन्यात आंबा घाट चढायचं. बाबा गेल्यावर गाडी अकरा वर्षं चिंचेखाली उभी होती. ती चालती करायला मला आठ महिने लागले, त्यातले सहा निव्वळ टाकीमुळे वाया गेले. म्हणून सोप्या गोष्टी आधी भराभर सांगून टाकतो.

नवी बॅटरी, नवं ऑइल, नवं कूलंट. इंजिन जाम असेल तर चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून, चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू मागेपुढे ढकला. सेल्फ मारून जाम इंजिन सोडवायला जाऊ नका, रिंग तुटतात. डिस्ट्रिब्यूटरमधले (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातले) पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून फिलरनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, साधारण 0.45 मि.मी. गॅप ठेवा. प्लगच्या वायरी डिस्ट्रिब्यूटरवर 1-3-4-2 या क्रमानं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. चारही उघडा, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे रबर सगळे एकदम नवे टाका, मग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत या. एक चाक ‘बरं दिसतंय’ म्हणून सोडायचं नाही.

आता टाकी.

माझी गाडी सुरू झाली तेव्हा आईनं तिला हळदकुंकू वाहिलं. दहा मिनिटं छान चालली, मग झटके देऊन बंद पडली. पंधरा मिनिटं थांबलो तर पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटांत बंद. एका गॅरेजनं कार्बोरेटर तीन वेळा उघडला. दुसऱ्यानं पंप बदलला आणि ‘पंप गरम होतो, ओलं फडकं ठेवा’ म्हणून सांगितलं. ओलं फडकं खोटं नाही. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि फडक्यानं ती बसते. पण माझी गाडी डिसेंबरच्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर बंद पडत होती.

कारण टाकीत होतं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. पंप ओढायला लागला की टाकीतले गंजाचे पापुद्रे त्या जाळीला येऊन चिकटतात आणि पेट्रोल अडतं. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, पापुद्रे खाली पडतात आणि गाडी पुन्हा सुरू होते. हे लक्षण दिसलं की पुढचं बॉनेट बंद करा.

टाकी खाली उतरवा. गाडीवर असताना ती साफ होत नाही, कुणी कितीही सांगो. पेट्रोल काढून टाका आणि हे लक्षात ठेवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. जवळ विडी नको, ग्राइंडर नको, बल्बसुद्धा नको. भोक दिसलं म्हणून जुन्या टाकीवर वेल्डिंग करायला कुणी निघाला तर त्याचा हात धरा.

पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट (टाकीतला तरंगता भाग) काढून ती जागा रबर लावून बंद करा. साबणाच्या पाण्यानं टाकी चार-पाच वेळा खळखळून धुवा. मग आत बारीक साखळी सोडा, तिचं एक टोक तारेनं बाहेर बांधलेलं हवं. नट किंवा खडी टाकू नका, एखादा नट आत राहतोच. साखळी आणि पाणी घालून टाकी अर्धा तास सगळ्या बाजूंनी हलवा. दोन माणसं लागतात. माझ्या टाकीतून निघालेलं पाणी पहिल्यांदा विटेच्या रंगाचं होतं आणि तळाला नखाएवढे पापुद्रे साचले होते.

नंतर किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, लिटरला 60-70 ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. संडास धुवायचं ॲसिड अजिबात वापरू नका. ते पत्रा आणि शिवणीतलं डाग काम (सोल्डर) दोन्ही खातं, आणि दुसऱ्या आठवड्यात टाकी सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून पाझरायला लागते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पुढच्या दहा मिनिटांत. ॲसिडचं पाणी ओतलं की आतला पत्रा राखाडी, स्वच्छ दिसतो आणि माणूस चहाला जातो. मीही गेलो होतो. परत येईपर्यंत आत केशरी गंज पुन्हा फुलला होता. म्हणून सगळं आधीच हाताशी ठेवा. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं, लगेच ब्लोअरनं कोरडी करा. पूर्ण गार झाल्यावर अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात फिरवा. या कामात मधे फोनसुद्धा घेऊ नका.

आतून लेप देणारी रसायनं मिळतात. मी एका गाडीला दिला होता, दोन वर्षांत तो साल निघाल्यासारखा सुटला आणि पुन्हा तीच जाळी बंद झाली. मी आता देत नाही.

टाकी खाली आहे तोवर पेट्रोलची नळी पंपाच्या बाजूनं हवा मारून मोकळी करा. सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालेल असाच घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं फुगतं नाहीतर तडकतं. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. आणि आता कार्बोरेटर उघडा, एकदाच. जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) तार घालायची नाही, फुंकून किंवा हवेनं साफ करायचा.

सामान मिळतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. या गाड्या कुर्ल्यातच तयार झाल्या, 1974 पासून पद्मिनी या नावानं. कमी होत चाललेत ते हात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. रोज पद्मिनी उघडणारा जुना मिस्त्री सापडला तर त्याच्या शेजारी बसून काम बघा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फिल्टर उजेडात धरून बघा. तळाशी चिमूटभर लाल भुकटी चालेल, फक्त फिल्टर बदला. पाचशेनंतरही तेवढीच दिसली तर टाकी पुन्हा उतरवा. पावसाळ्याच्या आधी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणा. बाबांची गाडी मी रविवारी सकाळी काढतो तेव्हा आई अजूनही मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसते आणि चोक आत ढकलायची आठवण करते.