रोज माझ्या खोलीत येणारा मुलगा

मधली सुट्टी झाली की माझ्या दाराशी मुलं जमायची आणि ती गर्दी बघून मला बरं वाटायचं. माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. आधीचे समुपदेशक दिवसचे दिवस रिकामे बसायचे असं स्टाफरूममध्ये ऐकलं होतं. माझ्याकडे मात्र जागा पुरत नव्हती. "मॅडम, फक्त तुमच्याशीच बोलता येतं" असं कोणी म्हटलं की दिवस सार्थकी लागायचा.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी याच वाक्याबद्दल सावध करते. मी त्यात पुरती फसले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

नववीतला मुलगा. वर्ष अर्धं झाल्यावर आलेला, त्यामुळे वर्गातले गट आधीच ठरलेले. डबा एकटाच खायचा. वर्गशिक्षकांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. पहिल्या दिवशी तो गप्प बसला, तिसऱ्या दिवशी बोलला आणि मग रोज येऊ लागला. रात्री झोप लागत नाही, वर्गात शिरताना पोटात गोळा येतो, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. मी मन लावून ऐकलं. नोंदी व्यवस्थित ठेवल्या. दोन महिन्यांत तो हसायला लागला. गाडी रुळावर आली असं मला वाटलं.

मग एका प्रशिक्षणासाठी मी आठवडाभर शाळेबाहेर होते. परतले त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या मामांनी मला गाठलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा तो मुलगा पाच दिवस माझ्या मागच्या जिन्यावर बसून होता. सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत. मी काही त्याला हाकललं नाही."

पाच दिवस दुपारचा एकही तास तो बसला नव्हता आणि कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. हजेरी सकाळी होते, तेव्हा तो असायचा. दुपारी बाक रिकामा दिसला तरी प्रत्येक शिक्षकाने हेच धरलं, की मॅडमकडे असेल. मी शाळेतच नाही हे निम्म्या स्टाफला माहीत नव्हतं. त्याला काही झालं नाही, पण ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे, नशिबाने.

मामांच्या बोलण्यातला 'तुमचा' हा शब्द मला अजून टोचतो. तो खरोखरच माझा झाला होता. वर्गशिक्षकांचा राहिला नव्हता आणि वर्गाचा तर कधी झालाच नव्हता.

आता यात नेमकं चुकलं काय ते नीट बघा, कारण वरवर पाहता मी सगळं बरोबरच करत होते. त्याला चिंतेचा त्रास होता. चिंतेत माणूस जे टाळतो, ते टाळल्यावर लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळणं अधिक सोपं होतं. भीती कमी होत नाही, उलट मुरते. या मुलाला भीती होती मधल्या सुट्टीची, आणि बरोबर त्याच वेळेला त्याला एक बंद दार, पंखा आणि ऐकणारं माणूस मी पुरवत होते. मैत्री व्हायची तर ती त्या पाऊण तासातच होणार होती, आणि तो पाऊण तास मी रोज काढून घेत होते. वर तो हसायला लागला म्हणून समाधानी होते. तो हसत होता माझ्या खोलीत. खोलीबाहेर तो कसा आहे, हे मी दोन महिन्यांत एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचारासाठी एक पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन क्रियापदांत मावतं: बघा, ऐका, जोडून द्या. प्रशिक्षणात आपण सगळे ते घोकतो. मी पहिल्या दोन गोष्टी करत होते आणि तिसरीच्या जागी स्वतः जाऊन बसले होते. मूल इतरांशी जोडून द्यायचं असतं, ते मी स्वतःशी जोडून घेतलं.

त्यानंतर मी काही सवयी बदलल्या. मधल्या सुट्टीत नियमित भेटी देत नाही. आणीबाणी असेल तर दार अर्थातच उघडं असतं, पण ठरलेल्या भेटी तासिकांच्या वेळेत, विषय आलटूनपालटून, त्या शिक्षकांना सांगून. मुलाबरोबर चिठ्ठी जाते. तिच्यावर निघाल्याची आणि परतल्याची वेळ असते आणि ती वर्गशिक्षकांकडे परत पोचावी लागते. मी रजेवर असले तर सकाळीच फळ्यावर तसं लिहिलेलं असतं. कारकुनी वाटेल, पण त्या पाच दुपारी अशी एक चिठ्ठी असती तरी पुरलं असतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच मी विचारते, "शाळेत आणखी कोणाला हे कळलं तर तुला चालेल?" बहुतेक मुलं आधी म्हणतात, कोणालाच नाही. थोडं थांबलं की एखादं नाव येतं. अनेकदा ते नाव शिक्षकाचं नसतंच. ग्रंथपाल, खेळाचे सर, बसमधल्या मावशी. ते नाव जपून ठेवा.

मामांचंच बघा. शाळेत कोण कुठे लपतं, कोणाशी कोणाचं बिनसलंय, कोणाच्या दप्तरावर कोणी काय लिहिलंय, हे त्यांना माझ्या आधी ठाऊक असतं. मी तर म्हणेन, नवीन शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांच्या आधी शिपायांशी ओळख करून घ्या.

दुसरी गोष्ट स्टाफरूममध्ये करायची. एका वर्गाच्या मुलांच्या नावांची यादी भिंतीवर लावा. मार्क आणि खोड्या सोडून ज्या मुलाबद्दल आपल्याला एखादी तरी गोष्ट माहीत आहे, त्याच्या नावापुढे प्रत्येक शिक्षकाने टिंब द्यायचं. आम्ही केलं तेव्हा काही नावांपुढे सात-सात टिंबं पडली आणि अकरा नावांपुढे एकही नाही. त्या अकरांत एकही दंगेखोर नव्हता. दंगेखोर मुलांना सगळे ओळखतात. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग गणिताच्या सरांनी उठून दोन नावं स्वतःच्या वहीत लिहून घेतली. भाषण नाही, ठराव नाही. यादी उतरवताना मात्र ती नीट फाडून टाका, मुलांच्या हाती लागली तर सगळंच उलटेल.

आता आखूड रस्त्यांबद्दल, आणि इथे माझी मतं जरा तिखट आहेत. मानसिक आरोग्य सप्ताह, घोषवाक्यं, पाहुण्या वक्त्याचं तासभर टाळ्याखाऊ भाषण. करायचं तर करा, पण त्याला काम म्हणू नका. युरोपातल्या 10 देशांत 11 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक मोठा प्रयोग 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात तीन पद्धती तपासल्या होत्या: शिक्षकांना प्रशिक्षण देणं, मुलांची चाचणी घेऊन तज्ज्ञांकडे पाठवणं, आणि मुलांशीच चर्चा आणि भूमिका-नाट्यातून थेट काम करणं. वर्षभराने आत्महत्येच्या प्रयत्नांत ठळक घट दिसली ती फक्त तिसऱ्या पद्धतीत. आणि वर्गात निव्वळ पोस्टर लावलेले होते, तो होता तुलनेसाठी ठेवलेला गट! पोस्टरचा विषय निघाला की मी हे सांगते, लोक जरा नाराज होतात.

सगळ्या शाळेला एकदम प्रश्नावली वाटण्याचा मोहही आवरा. मुलांच्या भावना आणि वागणुकीतल्या अडचणी चाचपणारी एस.डी.क्यू. ही प्रश्नावली चांगली आहे, 25 विधानं, दहा मिनिटांत भरून होते. पण भरलेले कागद कपाटात दहा दिवस पडून राहणार असतील तर वाटूच नका. एखाद्या मुलाने पहिल्यांदाच खरं लिहिलेलं असतं आणि तो रोज तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. हे मला अनुभवाने कळलंय, त्याबद्दल अधिक लिहायची हिंमत नाही.

मग उपयोगी पडतं काय? बिहारमधल्या सरकारी शाळांत झालेल्या 'सेहर' प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले, ते नव्यांनी जरूर वाचावेत. नववीच्या मुलांसाठी एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत खास नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथे फरक दिसला नाही. माझ्या मते याचा अर्थ शिक्षक वाईट असा मुळीच नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच इतकं असतं की आणखी एक टोपलं ठेवलं तर ते कुठेतरी खाली उतरवलं जाणारच. आणि कार्यक्रमात होतं काय? एकेकट्याशी बोलणं होतंच, पण त्याबरोबर मनातलं लिहून टाकायची पेटी, भिंतीवरचं मासिक, स्पर्धा, दादागिरीविरुद्ध शाळेचं धोरण. म्हणजे निम्मं काम खोलीबाहेरचं. मोठी पदवी नाही म्हणून खचलेले खूप जण मला भेटतात. त्यांना मी हा प्रयोग दाखवते.

दादागिरीचं एवढंच सांगते: त्रास देणारा आणि सोसणारा या दोघांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा' करू नका. सोसणाऱ्याला ती दुसरी शिक्षा होते. लक्ष द्या भोवती उभ्या असलेल्यांकडे. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं की अशा प्रसंगी वर्गातली बहुतेक मुलं कोणती ना कोणती भूमिका करत असतात: कोणी साथ देतं, कोणी हसून चढवतं, कोणी बाजूला सरकतं, एखादं आड येतं. हसणारे दोघे हसायचे थांबले की खेळातली मजाच जाते.

यापुढचं मऊ करून सांगता येणार नाही.

"कोणालाही सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. पहिल्याच भेटीत सांगा की तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला असेल, किंवा तुला कोणी इजा किंवा अत्याचार करत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल, आणि कोणाला सांगतेय ते आधी तुला कळेल. काही मुलं हे ऐकून उठून जातात. त्यातली बरीच परत येतात.

आत्महत्येचा संशय आला तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं हा समज चुकीचा आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट विचारलं की अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, शौचालयापर्यंतसुद्धा. पालक, मुख्याध्यापक आणि डॉक्टर त्याच दिवशी. "मी असं करणार नाही" असं कागदावर लिहून सही घेण्याची पद्धत अजून कुठे कुठे आहे. त्याने मूल सुरक्षित होत नाही, फक्त आपल्याला झोप लागते.

आणि किशोरवयातलं नैराश्य रडक्या चेहऱ्यानेच येईल असं समजू नका. चिडचिड, उद्धट उत्तरं, आवडत्या खेळातून अंग काढून घेणं, आणि हे दोन आठवडे टिकणं. मात्र सकाळच्या तासाला डुलकी म्हणजे लगेच आजार नव्हे. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं आणि गरज असते 8 ते 10 तासांची. आधी झोपेचं विचारा.

एवढं वाचून घाबरायला झालं असेल तर सांगते, मलाही रोज होत होतं. आजही 'हो' ऐकलं की हात गार पडतात. हात गार पडलेल्या माणसालाही फोन लावता येतो, तेवढं पुरे असतं. मार्गदर्शक मात्र जपून निवडा. जो फक्त आपल्या यशाच्या कहाण्या सांगतो त्याला लांबूनच नमस्कार. माझ्या मार्गदर्शक बाईंनी जिन्याची गोष्ट ऐकून एवढंच विचारलं होतं, "तो येत नाही त्या दिवशी तुला कसं वाटतं?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्या मुलाच्या भेटी मी पाचवरून दोनवर आणल्या. तो भडकला. "तुम्हाला कंटाळा आला का माझा?" मी नाही म्हटलं, कारण सांगितलं, त्याला पटलं नाही. तीन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. त्या दिवसांत मी चुकतेय असंच वाटत होतं. पुढे जे झालं ते माझ्या आखणीतून नाही झालं. मामा त्याला स्टुलं उचलायला हाक मारू लागले. मग जोडण्या तपासायला. मग शाळेच्या नाटकात दिवे सांभाळणाऱ्या दोन मुलांना तिसरा हात हवा होता, आणि मामांनी याचं नाव सुचवलं.

आता तो दहावीत आहे. महिन्यातून एकदा येतो, तेही मी बोलावलं तर. परवा मधल्या सुट्टीत त्या दोघांबरोबर वायरीचं भेंडोळं घेऊन माझ्या दारावरून गेला. आत बघितलं, मान हलवली, आणि बोलणं न तोडता पुढे गेला. माझ्या समोरची खुर्ची रिकामी होती. मला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग मी उठून सुट्टीत मैदानावर गेले.